वयाने मोजलेला इतिहास आणि गंडगायचा पूर

सिडनीहून मेलबर्नला मोटारीने निघालेल्या मराठी कुटुंबांमध्ये एक संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की तो आता तोंडपाठ झाला आहे. ह्यूम महामार्गावर सिडनीपासून सुमारे 390 किलोमीटरवर गंडगाय येते. प्रवासाचे निम्मे अंतर सरत आलेले असते, मुले कंटाळलेली असतात आणि गाडी गावाच्या अलीकडे आठ किलोमीटरवर, शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याच्या पुतळ्यापाशी थांबते. फोटो निघतात, डबे उघडतात, थर्मासमधला चहा ओतला जातो आणि कोणीतरी म्हणते, ‘या देशाला इतिहासच नाही, म्हणून कुत्र्याचा पुतळा दाखवावा लागतो.’ त्यावर दुसरे कोणीतरी यजमान देशाची बाजू घेते: ‘पण जे आहे ते किती नीट ठेवले आहे बघा. आपल्याकडे गडांवर काय अवस्था आहे?’ वाद तिथेच फिरत राहतो. एक बाजू वर्षे मोजते, दुसरी बाजू स्वच्छता मोजते, आणि दोन्ही बाजू गंडगाय न पाहताच पुढे निघून जातात. माझे म्हणणे असे की या दोन्ही मापांनी गंडगायचा इतिहास हाती लागणार नाही. जेमतेम दोन हजार वस्तीच्या या गावापाशी असा इतिहास आहे, जो समजून घेतल्याखेरीज ऑस्ट्रेलिया समजत नाही. तो एका पुराचा आहे. आणि पूर व कुत्रा यांपैकी कोणाच्या नावाने या गावाने आधी पुतळा उभारला, हासुद्धा त्याच इतिहासाचा एक भाग आहे.

समोरच्या बाजूचे खरे तेवढे आधी मान्य करतो. गंडगायमध्ये दगडविटांचे जे जुने आहे, ते सारे एकोणिसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहे. गावाची अधिकृत नोंद 1838 ची. टेकडीवरचे न्यायालय 1859 चे. ज्याने लहानपणी राजगडाच्या संजीवनी माचीवर उभे राहून वारा खाल्ला आहे, ज्याने अजिंठ्याच्या अंधारात डोळे सरावेपर्यंत वाट पाहिली आहे, त्याला शेरिडन स्ट्रीटवरचे लोखंडी नक्षीचे व्हरांडे पाहून ऊर भरून येणार नाही. येण्याची सक्तीही नाही. पण मग पुण्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याला आपण काय म्हणतो? त्याला तर अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. तरीही पुण्याच्या कोणत्याही जुन्या घरात ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ अशी काळाची सरळ विभागणी आजही ऐकू येते. कोणता पेठकरी म्हणेल की पानशेत हा इतिहास नाही, कारण तो शनिवारवाड्यापेक्षा लहान आहे? एखाद्या घटनेने माणसांनी कुठे राहायचे, कोणावर विश्वास ठेवायचा आणि काय लक्षात ठेवायचे हे बदलून टाकले की ती इतिहास होते. ही कसोटी आपण स्वतःच्या शहराला लावतो, तर परक्या गावाला ती नाकारण्याचे कारण काय?

शिवाय, वर्षेच मोजायची म्हटली तरी हिशेब चुकतो. हा प्रदेश विराड्जुरी या मूळ आदिवासी लोकांचा आहे. न्यू साउथ वेल्स याच राज्याच्या नैर्ऋत्य भागात, मंगो नावाच्या आटलेल्या तलावाच्या वाळूत, 1968 मध्ये एका स्त्रीचे आणि 1974 मध्ये एका पुरुषाचे अवशेष सापडले. त्यांचा काळ सुमारे 40 हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्या स्त्रीच्या देहाचे दहन झाले होते. जगातल्या ज्ञात दहनविधींपैकी ते सर्वांत जुन्यांत मोडते. म्हणजे ज्या देशाला इतिहास नाही असे आपण चहाचा घोट घेत म्हणतो, त्या देशात माणसे आपल्या मृतांना अग्नी देत होती, तेव्हा आपल्या कोणत्याही लेण्याची पहिली छिन्नी अजून घडायची होती. हा पुरावा कळसाच्या किंवा तटबंदीच्या रूपात समोर येत नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो. दगडात बांधलेलाच तेवढा इतिहास, ही सवय आपल्याला लागलेली आहे आणि गोऱ्या वसाहतवाल्यांनाही तीच होती. तिची किंमत गंडगायने 1852 मध्ये मोजली.

ती किंमत समजण्यासाठी गाव मुळात कुठे वसले होते ते पाहावे लागते. 1829 मध्ये चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी मरमबिजी नदीच्या काठाने या भागातून गेला. पुढे सिडनीहून दक्षिणेकडे, आजच्या मेलबर्नकडे जाणारा बैलगाड्यांचा मार्ग इथेच नदी ओलांडू लागला. नदी ओलांडायची म्हणजे गाड्या थांबणार, पाणी उतरण्याची वाट पाहणार, बैल सोडले जाणार. थांबलेल्या गाड्यांमागोमाग खाणावळ, लोहार, दुकान आणि दारूचा गुत्ता येतोच. अशा रीतीने नदी ओलांडण्याच्या जागेजवळच्या सपाट, सुपीक, हिरव्या पात्रालगतच्या जमिनीवर गावाचे भूखंड आखले गेले. सरकारी नकाशावर ती जागा आदर्शच होती: पाणी हाताशी, रस्ता दारात, जमीन सपाट. ती सपाट का आहे, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडला नसावा. ती सपाट होती, कारण नदी दर काही वर्षांनी तिच्यावर येऊन निजत असे. विराड्जुरी लोकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते आणि त्यांनी वसाहतवाल्यांना तसे बजावले होते, असे गावाच्या परंपरेत सांगितले जाते. 1844 मध्ये मोठा पूर येऊन गेला, तेव्हा तर नदीने स्वतःच सांगितले. पण त्या पुरात माळ्यावर चढून बसलेली माणसे वाचली होती, आणि पुढल्या वेळीही माळ्यावर चढले की भागेल, असा समज त्यातून दृढ झाला. जे एकदा निभावले ते कायम निभावेल, या समजुतीने जगात जेवढी माणसे बुडाली असतील तेवढी अज्ञानाने बुडाली नसतील.

24 जून 1852 च्या रात्री मरमबिजी गावात शिरली. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा. पाणी बर्फासारखे गार. लोक माळ्यांवर चढले, मग छपरांवर, आणि घरेच वाहू लागली तेव्हा नदीकाठच्या उंच रेड गम झाडांच्या फांद्यांना धरून राहिले. अडीचशेच्या आसपास वस्तीच्या त्या गावातली किमान 78 माणसे मेली. काही नोंदी हा आकडा 89 पर्यंत नेतात. म्हणजे दर तिघांमागे एक. इतकी जीवितहानी करणारा पूर ऑस्ट्रेलियाच्या नोंदलेल्या इतिहासात दुसरा शोधूनही सापडणे कठीण. आणि जी वाचली, त्यांतली अनेक जण दोन विराड्जुरी माणसांमुळे वाचली: यारी आणि जॅकी जॅकी. त्यांच्याबरोबर आणखीही साथीदार होते, पण ही दोन नावे टिकली. गावाच्या परंपरेप्रमाणे यारी यांनी 49 आणि जॅकी जॅकी यांनी 20 माणसे बाहेर काढली. जॅकी जॅकी यांच्याकडे वल्ह्यांची मोठी नाव होती. यारी यांच्याकडे होती ती झाडाच्या सालीची होडी.

या होडीपाशी थोडे थांबायला हवे, कारण तिच्यात नेमके काय होते हे कळल्याशिवाय 49 या आकड्याचे वजन कळत नाही. विराड्जुरी कारागीर वाकलेल्या बुंध्याचे रेड गमचे झाड निवडत. जिवंत सालीवर लांबट आकार कोरून, कडेने पाचरी सारत सारत ती साल एकसंध सोडवून घेत. मग ती विस्तवावर धरून मऊ करायची, दोन्ही टोके वर उचलायची, कडा आत मिटू नयेत म्हणून मध्ये आडव्या काटक्या ठोकायच्या, आणि जिथे फट राहील तिथे चिखलमाती थापायची. अशा होडीचा काठ पाण्याच्या वर काही बोटेच राहतो. तिच्यात उभे राहून लांब काठीने ती हाकायची असते आणि अंग जरा कलले तरी पाणी आत येते. ज्या झाडाची साल काढली ते मरत नाही. बुंध्यावर होडीच्या आकाराचा व्रण घेऊन ते पुढे शंभर-दोनशे वर्षे वाढत राहते, आणि असे व्रण असलेली झाडे या नद्यांच्या काठी आजही आहेत. आता ही होडी काळोख्या रात्री, ओंडके आणि छपरे वाहून नेणाऱ्या प्रवाहात घाला. तिच्यात एका वेळी एकच गारठलेला, घाबरलेला, हातपाय झाडणारा माणूस बसू शकतो. त्याला किनाऱ्यावर सोडा आणि पुन्हा माघारी फिरा. मग पुन्हा. असे 49 वेळा, आणि तेही एका रात्रीत नव्हे, कारण झाडांवर अडकलेल्या माणसांचा शोध पुढले दोन-तीन दिवस चालू होता. हे केवळ शौर्य नव्हते. त्यामागे कौशल्य होते. नदी कुठे वळते, कुठे भोवरा घालते, झाडामागे पाणी कुठे संथ होते, याचे ते पक्के ज्ञान होते. ज्या ज्ञानाकडे गाव वसवताना कोणी लक्ष दिले नव्हते, त्याच ज्ञानाने गावातली माणसे वाचवली.

मग गावाने काय केले? त्यांना पितळी छातीपट्टे दिले आणि गावातल्या कोणाकडेही सहा पेन्स मागून घेण्याचा हक्क दिला. छातीपट्टा म्हणजे गळ्यात साखळीने अडकवायची, चंद्रकोरीच्या आकाराची कोरीव पाटी. ती देण्याची प्रथा गव्हर्नर मॅक्वारी याच्या काळात, 1815 च्या सुमारास सुरू झाली. ज्यांच्या समाजात राजा नावाचे पद नव्हते, त्यांच्यापैकी एकाला वरून ‘राजा’ नेमायचे आणि गळ्यात पाटी अडकवायची, असा तो प्रकार होता. गंडगायच्या लोकांची कृतज्ञता खोटी होती, असे मला म्हणायचे नाही. त्या काळच्या वसाहतीत, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, त्यांनी जे मोठे वाटले ते दिले. पण काय दिले नाही, तेही पाहायला हवे. जमीन दिली नाही. नव्या जागी वसलेल्या गावात घर दिले नाही. जीव वाचवणाऱ्याला आयुष्यभर सहा पेन्स मागत फिरण्याचा हक्क देणे, म्हणजे त्याला सन्मानाने भीक मागायला सांगणे होते. यारी 1880 मध्ये गंडगायमध्येच वारले.

इथे सर्वांत भक्कम आक्षेप येतो, आणि तो आपल्या मंडळींचा नाही. तो ऑस्ट्रेलियातल्याच विचारी लोकांचा आहे. ते म्हणतात, गंडगायची ही कथा गोऱ्या ऑस्ट्रेलियाला फार सोयीची आहे. काळा माणूस गोऱ्या माणसाला वाचवतो, सगळे एकत्र येतात, पुतळा उभा राहतो आणि डोळ्यांत पाणी येते. या गोड चित्राआड जमीन हिसकावल्याचा, माणसे मारल्याचा इतिहास लपतो. हा आक्षेप हलका नाही. 1824 च्या ऑगस्टमध्ये, गंडगायच्या पुराच्या केवळ 28 वर्षे आधी, गव्हर्नर ब्रिस्बेन याने बॅथर्स्टच्या परिसरात याच विराड्जुरी लोकांविरुद्ध लष्करी कायदा पुकारला होता. यारी त्या वेळी मूल किंवा तरुण असतील. ती वार्ता नदीकाठाने त्यांच्यापर्यंत पोहोचली नसेल, असे मानणे अवघड आहे. ज्यांनी आपल्या लोकांवर बंदुका चालवल्या, त्यांच्या जातभाईंना वाचवण्यासाठी ते पाण्यात का उतरले? याचे उत्तर कोणत्याही कागदात नाही आणि ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये. पण मला वाटते, ही कथा सोयीची होते ती अर्धी सांगितल्यामुळे. पूर्ण सांगितली की तिच्यात दुर्लक्षित इशारा येतो, 1824 येते, पितळी पट्टा येतो, सहा पेन्स येतात, आणि पुतळ्यासाठी पाहिलेली 165 वर्षांची वाट येते. यांपैकी एकही गोष्ट ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. आक्षेप कथेच्या अर्धवट सांगण्यावर आहे, आणि त्यावरचा इलाज ती गाळणे हा नसून ती संपूर्ण सांगणे हा आहे.

आता कुत्र्याकडे वळू. त्याच्यावर हसणाऱ्यांना त्याची गोष्ट ठाऊक नसते. बैलगाड्यांच्या काळातल्या एका लोकगीतात, गंडगायपासून काही मैलांवर गाडी चिखलात रुतते, जू मोडते, सगळे बिनसते आणि वर गाडीवानाचा कुत्रा त्याच्या शिदोरीच्या पेटीवर बसतो. मूळ गीतात कुत्रा नुसता बसत नसे. जो शब्द होता तो शिष्ट नव्हता, आणि पुढे छापताना तो ‘बसणे’ झाला, असे मानले जाते. फ्रँक रस्कोनी या स्थानिक शिल्पकाराने हा पुतळा घडवला आणि 28 नोव्हेंबर 1932 रोजी पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ते वर्ष जागतिक मंदीचे होते. पुतळ्यापाशी लोक जी नाणी टाकत ती गावच्या रुग्णालयाला जात. मंदीत पिचलेल्या गावाने आपल्या दवाखान्यासाठी असा मार्ग काढला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. रस्कोनी हा तर विलक्षण माणूस होता. गावातल्या माहितीकेंद्रात त्याने बनवलेली संगमरवराची एक छोटी इमारत आहे. तिच्यात 20,948 तुकडे आहेत आणि त्यासाठी त्याने 28 वर्षे खर्ची घातली. राज्याच्या निरनिराळ्या खाणींतला रंगीबेरंगी दगड, प्रत्येक तुकडा हाताने कातून बसवलेला. कुत्र्याबरोबर फोटो काढणाऱ्या शंभरांतल्या पाच जणांनी तरी ती पाहिली असेल का, अशी मला शंका आहे.

पण कुत्र्याच्या पुतळ्यावर कोरलेल्या ओळी वाचल्या की मन अडखळते. त्या ओळींत या भूमीला ‘जिंकणाऱ्यां’चा गौरव आहे. स्टर्टने नदी ओलांडली त्या दिवसाच्या स्मरणार्थ अनावरणाचा मुहूर्त निवडला गेला. म्हणजे 1932 मध्ये गावाला जेव्हा आपण कोण आहोत हे दगडात लिहायचे होते, तेव्हा त्याने जिंकणारे निवडले, गाडीवान निवडला, त्याचा कुत्रा निवडला. पुराला तेव्हा 80 वर्षे झाली होती. वाचलेल्यांची नातवंडे गावात हिंडत असतील. यारी आणि जॅकी जॅकी यांना शेरिडन स्ट्रीटवर पुतळा मिळाला तो 2017 मध्ये. कुत्र्यानंतर 85 वर्षांनी. ‘कुत्र्याचा पुतळा आहे म्हणून इतिहास नाही’ असे म्हणणाऱ्याने हे अंतर मोजावे. एखाद्या समाजाने कोणाला आधी आठवले आणि कोणाला किती उशिरा, हे जितके त्या 85 वर्षांत दिसते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकात दिसणार नाही. आणि आपल्याकडेही कोणाचे पुतळे कधी उभे राहिले, कोणाचे अजून राहायचे आहेत, या यादीतून आपण स्वतःला ओळखू शकतो की नाही?

हीच गोष्ट गावाच्या दफनभूमीत आणखी स्पष्ट होते. कॅप्टन मूनलाइट या नावाने ओळखला जाणारा दरोडेखोर अँड्रू जॉर्ज स्कॉट याची टोळी 1879 च्या नोव्हेंबरमध्ये जवळच्या वॉन्टाबॅजरी इथे पोलिसांशी लढली. त्या चकमकीत त्याचा जिवलग जेम्स नेस्बिट मारला गेला आणि गंडगायमध्ये पुरला गेला. स्कॉटला 20 जानेवारी 1880 रोजी सिडनीत फाशी झाली. आपल्याला नेस्बिटच्या शेजारी पुरावे, अशी त्याची अखेरची इच्छा होती. ती तेव्हा नाकारली गेली. 1995 मध्ये, 115 वर्षांनी, त्याचे अवशेष सिडनीहून आणून गंडगायमध्ये पुरण्यात आले. मला हे योग्यच वाटते; मेलेल्या माणसाची एवढी इच्छा पुरवणारे गाव निष्ठुर म्हणता येणार नाही. पण स्कॉट आणि यारी एकाच वर्षी, 1880 मध्ये गेले. त्यांच्यापैकी दरोडेखोराच्या इच्छेला गावाने 1995 मध्ये मान दिला आणि तारणहाराच्या पुतळ्याला 2017 उजाडावे लागले. स्कॉट स्वतः उत्तम वक्ता होता, मृत्यूच्या दारातही पत्रे लिहीत होता. त्याचा शब्द कागदावर उरला. यारी यांचा एकही शब्द उरलेला नाही. इतिहासात जागा मिळण्यासाठी कर्तृत्वापेक्षा कागद किती कामाला येतो, याचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

पुराचा दुसरा परिणाम मात्र कागदावर नाही, जमिनीवर आहे. 1853 मध्ये मरमबिजी पुन्हा चढली, आणि त्यानंतर गंडगायने त्या काळात सहसा कोणी करीत नसे ते केले: अख्खे गाव उचलून वर नेले. आज गावाचा मुख्य भाग पार्नासस टेकडीच्या उतारावर आहे, दक्षिण भाग नदीपलीकडच्या उतारावर, आणि मधला सगळा सपाट भाग कुरणांना आणि मैदानांना दिलेला आहे. शहाण्या माणसाला हे सोपे वाटेल. पण घर, दुकान, देवालय, शेजार आणि जमिनीची किंमत सोडून वर जाणे किती अवघड असते, हे त्याच देशात नंतर वारंवार दिसले. क्वीन्सलँडमधील क्लर्मोंट गाव 1916 च्या डिसेंबरातल्या पुरात साठाहून अधिक माणसे गमावल्यावर हलले. तिथे लाकडी इमारतीच्या इमारती वाफेच्या इंजिनाने ओढून उंचावर नेल्या. क्वीन्सलँडमधलेच ग्रँथम 10 जानेवारी 2011 च्या पुरानंतर हलले. तिथल्या स्थानिक परिषदेने टेकडीवरची जमीन घेतली आणि खालच्या भूखंडाच्या बदल्यात वरचा भूखंड देऊ केला. आणि न्यू साउथ वेल्समधले लिस्मोर? 28 फेब्रुवारी 2022 रोजी तिथे पाणी 14.4 मीटरवर गेले, आधीच्या उच्चांकापेक्षा सुमारे दोन मीटरने जास्त, आणि कोणी राहायचे, कोणाची घरे सरकारने विकत घ्यायची, बाजारपेठ कुठे न्यायची हा वाद तिथे त्यानंतर वर्षानुवर्षे चालला. ज्यांना ‘इतिहास नसलेले’ गाव वाटते, त्या गावाने हा प्रश्न 170 वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि तोही तिसऱ्या हिश्श्याएवढे गाव दफन केल्यावर. लिस्मोरच्या माणसांना गंडगायचे दाखले देऊन शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. आपले घर सोडण्याचे दुःख त्यांचे आहे. पण जे लोक दूर बसून ‘पुरात राहतातच कशाला’ असे विचारतात, त्यांनी गंडगायच्या सपाट कुरणात एकदा उभे राहून ती जमीन किती सुंदर, किती बोलावणारी आहे हे पाहावे. उत्तर तिथेच मिळते.

त्या कुरणावरून जाणारा पूल ही माझ्या मते गंडगायमधली सर्वांत बोलकी वास्तू होती. प्रिन्स अल्फ्रेड पुलाचा नदीवरचा लोखंडी भाग 1860 च्या दशकातला. त्याला जोडणारा लाकडी मार्ग 1896 मध्ये नव्याने बांधला गेला आणि तो धरून सारा पूल जवळपास एक किलोमीटर लांब होता. एरवी मरमबिजी इथे एखाद्या मोठ्या ओढ्याहून फार रुंद दिसत नाही. मग एवढा लांब पूल कशासाठी? कोरड्या गवतावरून, चरणाऱ्या जनावरांच्या डोक्यावरून, शेकडो लाकडी खांबांवर उचललेला रस्ता कशासाठी? ज्यांनी 1852 पाहिले किंवा आईबापांकडून ऐकले, त्यांना नदीची खरी रुंदी माहीत होती. त्यांनी ती पुलाच्या लांबीत लिहून ठेवली. 1977 मध्ये महामार्गाचा शीहान पूल झाला आणि वाहने गावाबाहेरून जाऊ लागली. लाकूड कुजत गेले, आणि 2021 मध्ये तो लाकडी मार्ग पाडण्यात आला. त्या वेळी जो वाद झाला त्यात सुरक्षिततेची बाजू खोटी नव्हती. खांब ढासळत होते आणि खालून माणसे जात होती. एवढ्या लांबीचे लाकडी काम दुरुस्त करीत राहण्याचा खर्च दोन हजार वस्तीच्या गावाने करावा, असे म्हणणे सोपे आहे, निभावणे नाही. तरीही मला वाटते, त्याचा एखादा भाग, निदान चार-सहा गाळे, नव्या लाकडात उभे ठेवायला हवे होते, कारण त्या पुलाची लांबी हेच या गावाचे पुराचे स्मारक होते. त्याच्या शेजारचा 1903 चा रेल्वेचा लाकडी पूल अजून आहे. रेल्वे केव्हाच बंद झाली आहे, खांब झिजत आहेत, आणि त्याच्याबाबतही तोच प्रश्न उद्या येणार आहे. वारसा म्हणून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पैसाही लागेल, आणि तो राज्याच्या तिजोरीतून यायला हवा, गावकऱ्यांच्या घरपट्टीतून नव्हे.

शेवटचा आक्षेप आपल्या मंडळींचा आहे आणि तो प्रामाणिक आहे: हा इतिहास आपला नाही, मग आपण त्यात का शिरायचे? आपण इथे नोकरीसाठी आलो, मुलांना मराठी टिकवायची आहे, गणपती बसवायचा आहे, तेवढ्यालाच वेळ पुरत नाही. मी हे समजू शकतो. पण आपली मुले याच देशात वाढत आहेत आणि शाळेत प्रत्येक समारंभाच्या आरंभी ‘या भूमीच्या मूळ पालकांना आम्ही मान देतो’ असे वाक्य म्हणत आहेत. ते वाक्य त्यांच्यासाठी पोकळ राहू द्यायचे की त्यात यारी यांची होडी घालायची, हे आपल्या हातात आहे. शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगणाऱ्या आईबापांना गोष्टीचे बळ समजावून सांगावे लागत नाही. ज्या मुलाला पावनखिंड कळते, त्याला काळोख्या पाण्यातून एकेका माणसाला घेऊन 49 वेळा माघारी फिरणारा नावाडीही कळतो. त्यासाठी पावनखिंड विसरावी लागत नाही.

गेल्या खेपेस मी मुलीला घेऊन कुत्र्यापाशी थांबलो, नाणे टाकले, आणि मग महामार्ग सोडून गावात गेलो. शेरिडन स्ट्रीटवर कांस्यात यारी, जॅकी जॅकी आणि सालीची ती होडी आहे. थंडी होती, दुकाने उघडत होती. तिने होडीच्या काठावरून बोट फिरवले आणि विचारले, ‘बाबा, एका वेळी एकच माणूस बसायचा ना यात? मग बाकीचे झाडावर वाट बघत असतील तेव्हा त्यांना कसे कळायचे, ते परत येणार आहेत म्हणून?’ मी तिला म्हणालो, त्यांना कळत नसणार. मग आम्ही उतारावरून खाली कुरणापर्यंत चालत गेलो, आणि ज्या जागी गाव होते त्या जागी गाई चरत होत्या.